चढाई (कबड्डी)

चढाई ही कबड्डी या खेळातील आक्रमणाची मूळ कृती आहे. चढाई करणारा खेळाडू ‘कबड्डी’ या शब्दाचा एका दमात, स्पष्ट आणि अखंड उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, तेथील खेळाडूंना स्पर्श करण्याचा किंवा बोनस गुण मिळवण्याचा प्रयत्न करतो आणि दम सुटण्यापूर्वी मध्यरेषा ओलांडून स्वतःच्या अंगणात परततो. अशा खेळाडूस चढाईपटू म्हणतात. त्याला रोखून धरण्याच्या कृतीस पकड असे नाव आहे.

हंगामातील पहिला सामना झाला, आणि विशेषतः तो गमावला, की संघाच्या समर्थकांमध्ये सर्वाधिक वाद चढाईविषयी होतो. मुख्य चढाईपटूला किती गुण मिळाले, तो किती वेळा पकडला गेला, त्याच्याऐवजी दुसऱ्याला का पाठवले नाही, असे प्रश्न विचारले जातात. चढाईचे गुण चढाईपटूच्या नावावर नोंदवले जात असले, तरी ते त्याच्या एकट्याच्या कौशल्यावर ठरत नाहीत. बचावफळीची कामगिरी, सहकारी चढाईपटूंचे यश, मैदानावरील खेळाडूंची संख्या आणि सामन्याची स्थिती यांचा त्यांवर थेट परिणाम होतो. त्यामुळे एका सामन्यातील गुणसंख्येवरून संघाच्या आक्रमणाविषयी निष्कर्ष काढताना या सर्व घटकांचा विचार आवश्यक ठरतो.

नियम

पुरुषांच्या सामन्यासाठी क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. महिलांसाठी ही मापे १२ मीटर व ८ मीटर आहेत. मध्यरेषेमुळे क्रीडांगणाची दोन अंगणे होतात. दोन्ही बाजूंना १ मीटर रुंदीचे राखीव क्षेत्र असते. चढाईपटू आणि बचावपटू यांच्यात स्पर्श किंवा झटापट झाल्यानंतरच या क्षेत्राचा वापर करता येतो.

पुरुषांच्या क्रीडांगणात मध्यरेषेपासून ३.७५ मीटर अंतरावर निदान रेषा आणि तिच्या पलीकडे १ मीटर अंतरावर बोनस रेषा आखलेली असते. चढाईपटूने कोणालाही स्पर्श केला नसेल, तर परतण्यापूर्वी त्याने निदान रेषा किमान एकदा ओलांडलेली असणे बंधनकारक आहे. अन्यथा तो बाद ठरतो. एका चढाईसाठी कमाल ३० सेकंदांचा अवधी मिळतो. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांत, म्हणजे एकूण ४० मिनिटे खेळला जातो. प्रत्येक चढाईने पूर्ण ३० सेकंद घेतले, तर संपूर्ण सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया होतील.

चढाईत पुढील मार्गांनी गुण मिळतात :

स्पर्शगुण : चढाईपटूने स्पर्श केलेला प्रत्येक बचावपटू बाद होतो व त्या प्रत्येकासाठी एक गुण मिळतो. त्याचबरोबर चढाई करणाऱ्या संघाचे तितकेच बाद खेळाडू, ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने, पुन्हा मैदानात येतात.

बोनस गुण : प्रतिपक्षाचे किमान सहा खेळाडू मैदानात असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा पाय हवेत ठेवल्यास एक गुण मिळतो. या गुणामुळे बाद खेळाडू परत येत नाही.

लोण : प्रतिपक्षाचे सर्व खेळाडू बाद केल्यास दोन अतिरिक्त गुण मिळतात. त्यानंतर त्या संघाचे सातही खेळाडू पुन्हा खेळात येतात.

एकाच चढाईत तीन किंवा अधिक गुण मिळाल्यास तिला अव्वल चढाई म्हणतात. याउलट बचाव करणाऱ्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी खेळाडू शिल्लक असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर ती अव्वल पकड ठरते आणि त्यांना एक गुण अधिक मिळतो. त्यामुळे प्रतिपक्ष संकटात असतानाही चढाई पूर्णपणे निर्धोक नसते.

चढाईची कौशल्ये

चढाईपटू हात, पाय आणि शरीराचा तोल यांचा उपयोग करून गुण मिळवतो. हाताचा स्पर्श, पायाच्या अंगठ्याने केलेला स्पर्श, समोर, बाजूला किंवा मागे मारलेली लाथ ही स्पर्शाची प्रमुख कौशल्ये आहेत. पकड झाल्यावर किंवा होण्याच्या बेतात असताना बचावपटूंच्या हातांखालून वाकून निसटण्याला डुबकी म्हणतात. बचावपटूच्या अंगावरून उडी मारून मध्यरेषेकडे येण्याला मराठी वृत्तलेखनात हनुमान उडी म्हटले जाते.

या कौशल्यांना उत्तर म्हणून बचावपटू घोटा पकडणे, पट काढणे, कैची, मगरमिठी आणि हातात हात गुंफून केलेली साखळी असे डाव वापरतात. डाव्या व उजव्या टोकांना उभ्या असलेल्या खेळाडूंना कोपरारक्षक म्हणतात. चढाईपटू कोणत्या बाजूने आत शिरतो आणि कोणत्या दिशेने वळतो, हे ओळखून ते आपली जागा घेतात. चढाईपटूची एखादी सवय प्रतिपक्षाच्या लक्षात आली की तीच चाल पुढे निष्प्रभ होऊ शकते. हंगामाच्या आरंभी यशस्वी ठरलेला खेळाडू नंतर अडखळणे, किंवा याच्या उलट घडणे, यामागे हे एक कारण असते.

रिकामी चढाई आणि तिसरी चढाई

गुण न मिळवता आणि न गमावता चढाईपटू परत आला, तर ती रिकामी चढाई होय. प्रेक्षकांना ती निष्फळ वाटते. प्रत्यक्षात अनेक प्रसंगी ती हेतुपुरस्सर केलेली असते. आघाडीवर असलेला संघ अखेरच्या मिनिटांत रिकाम्या चढायांनी वेळ काढतो. मुख्य चढाईपटू बाद असताना उरलेले खेळाडू धोका न पत्करता परततात आणि बचावफळी एखादी पकड करून त्याला मैदानात आणण्याची वाट पाहतात. प्रतिपक्षाची रचना, कोपरारक्षकांच्या हालचाली आणि साखळीतील कच्चा दुवा जोखण्यासाठीही अशी चढाई उपयोगी पडते.

या संथपणाला मर्यादा घालण्यासाठी प्रो कबड्डी लीगसह आजच्या प्रमुख स्पर्धांमध्ये तिसऱ्या चढाईचा नियम लागू आहे. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. तो न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो व प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. या चढाईत बचावपटूंना घाई नसते. ३० सेकंद संपेपर्यंत ते मागे राहू शकतात. त्यामुळे तिसरी चढाई वारंवार वाट्याला येणाऱ्या खेळाडूची गुणसंख्या आणि सोयीच्या वेळी चढाई करणाऱ्याची गुणसंख्या यांची सरळ तुलना करता येत नाही.

चढाई आणि बचाव यांचा संबंध

महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू या नावाने खेळला जात असे. त्याचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनीत एकदा बाद झालेला खेळाडू आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहत असे. अमर प्रकारात स्पर्श झालेला खेळाडू मैदान सोडत नसे. केवळ गुण मोजला जाई. संजीवनीत प्रतिपक्षाचा खेळाडू बाद झाला की आपला बाद खेळाडू परत येई. आजच्या कबड्डीने संजीवनीचे हे तत्त्व स्वीकारले आहे आणि आक्रमण व बचाव एकमेकांत गुंतण्याचे मूळ त्यातच आहे.

चढाईपटू पकडला गेला की तीन गोष्टी एकाच वेळी घडतात : प्रतिपक्षाला गुण मिळतो, आपला एक खेळाडू कमी होतो आणि प्रतिपक्षाचा बाद खेळाडू असल्यास तो परततो. बाद झालेला चढाईपटू स्वतःच्या प्रयत्नाने परत येऊ शकत नाही. सहकाऱ्याने स्पर्शगुण मिळवला किंवा बचावफळीने पकड केली, तरच त्याचा मार्ग मोकळा होतो. त्याच्याआधी आणखी कोणी बाद झालेला असेल, तर त्यालाही थांबावे लागते. म्हणून मुख्य चढाईपटूला सामन्यात कमी गुण मिळाले, तर तो किती काळ मैदानाबाहेर होता हे पाहणे महत्त्वाचे ठरते. दुबळ्या बचावामुळे उत्तम चढाईपटूही बराच वेळ बसून राहतो आणि गुणपत्रकात मात्र त्याच्या नावासमोर केवळ लहान आकडा दिसतो.

बोनस गुणाच्या बाबतीतही हा संबंध दिसतो. सतत बोनस मिळवणारा चढाईपटू धावफलक हलता ठेवतो. परंतु त्याचे बाद सहकारी त्यामुळे परत येत नाहीत. दोन खेळाडूंचे गुण समान असूनही एकाच्या गुणांनी संघ भरलेला राहतो आणि दुसऱ्याच्या गुणांनी तसा राहत नाही, असे घडू शकते.

मूल्यमापनाची साधने

चढाईचे विश्लेषण करताना एकूण गुणांखेरीज यशस्वी चढायांचे प्रमाण, चढाईमागे मिळालेले सरासरी गुण आणि बाद न होता परतण्याचे प्रमाण विचारात घेतात. त्यांचा उपयोग पुढील काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होतो.

पहिल्या खेळाडूने २० चढाया केल्या. त्यांपैकी ८ यशस्वी ठरून प्रत्येकी एक गुण मिळाला, २ वेळा त्याची पकड झाली आणि १० चढाया रिकाम्या गेल्या. दुसऱ्या खेळाडूच्या २० चढायांपैकी १० यशस्वी ठरून प्रत्येकी एक गुण मिळाला, ८ वेळा त्याची पकड झाली आणि २ रिकाम्या गेल्या. गुणपत्रकात दुसरा खेळाडू १० विरुद्ध ८ असा पुढे आहे. मात्र पकडींतून प्रतिपक्षाला दिलेले साधे गुण वजा केल्यास पहिल्याचे निव्वळ योगदान ६ गुणांचे, तर दुसऱ्याचे २ गुणांचे उरते. दुसरा खेळाडू आठ वेळा मैदानाबाहेर गेल्यामुळे संघाची झालेली ओढाताण यात धरलेलीही नाही. अर्थात संघ मोठ्या फरकाने मागे असेल आणि वेळ थोडा उरला असेल, तर जोखीम घेणारा दुसरा खेळाडूच अधिक उपयुक्त ठरू शकतो. कोणतेही एक प्रमाण सर्व प्रसंगांना लागू पडत नाही, ते यामुळेच.

पहिल्या सामन्यानंतरची चर्चा

हंगामाच्या पहिल्या सामन्याचे निष्कर्ष कितपत टिकतात, याची दोन उदाहरणे कबड्डीच्या अलीकडच्या इतिहासात आढळतात.

प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाला. उद्घाटनाच्या सामन्यात यू मुंबा संघाने जयपूर पिंक पँथर्सचा ४५–३१ असा पराभव केला. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि जयपूरने ३५–२४ असा विजय मिळवून पहिले विजेतेपद पटकावले. त्या हंगामात सर्वाधिक चढाई गुण मिळवणारा अनुप कुमार हा पराभूत यू मुंबाचा कर्णधार होता.

या दोन निकालांतील आकडे एकत्र ठेवले, तर जयपूरचे स्वतःचे गुण ३१ वरून ३५ झाले, म्हणजे केवळ ४ गुणांची वाढ झाली. प्रतिपक्षाला दिलेले गुण मात्र ४५ वरून २४ वर, म्हणजे २१ गुणांनी घटले. संघाच्या एकूण गुणांत चढाईबरोबर पकडी व लोण यांचेही गुण असतात, त्यामुळे हे आकडे शुद्ध चढाईचे नाहीत. तरीही पहिल्या पराभवापासून विजेतेपदापर्यंतचे अंतर जयपूरने अधिक गुण करून जितके कापले, त्याहून कितीतरी अधिक प्रतिपक्षाला रोखून कापले, हे त्यांवरून दिसते. १४ गुणांनी झालेल्या त्या पराभवानंतर केवळ चढाईला दोष दिला असता, तर मूळ उणीव नजरेआड राहिली असती.

दुसरे उदाहरण २०१६ च्या विश्वचषकाचे आहे. अहमदाबाद येथे ७ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या उद्घाटनाच्या सामन्यात यजमान भारताला दक्षिण कोरियाने ३४–३२ असे हरवले. अखेरच्या मिनिटांत जांग कुन ली याच्या चढायांनी सामन्याचे पारडे फिरले. २२ ऑक्टोबर रोजी अंतिम सामन्यात भारत मध्यंतराला इराणविरुद्ध १३–१८ असा पिछाडीवर होता. उत्तरार्धात अजय ठाकूरच्या चढायांच्या बळावर भारताने ३८–२९ असा विजय मिळवला. येथे निर्णायक बदल चढाईतूनच घडला. दोन्ही उदाहरणांत पहिल्या सामन्यातील पराभव खरा होता; त्यामागचे कारण आणि त्यावरचा उपाय मात्र भिन्न होता.

एका चढाईपटूवरील भिस्त

संघाचे आक्रमण एकाच खेळाडूवर अवलंबून असावे काय, हा या चर्चेतील दुसरा नेहमीचा प्रश्न आहे. प्रदीप नरवालने प्रो कबड्डीच्या २०१७ मधील पाचव्या हंगामात ३६९ चढाई गुण मिळवले आणि पाटणा पायरेट्सने सलग तिसरे विजेतेपद जिंकले. २०१९ च्या सातव्या हंगामातही त्याने ३०० हून अधिक चढाई गुण केले. परंतु पाटण्याला बाद फेरीही गाठता आली नाही. त्याच हंगामात बंगळूरू बुल्सच्या पवन सेहरावतने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका सामन्यात ३९ चढाई गुणांचा विक्रम केला, पण बंगळूरूचा प्रवास उपांत्य फेरीत संपला.

याउलट पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार, पंकज मोहिते आणि मोहित गोयत यांच्यात चढाईचा भार विभागलेला होता व मोहम्मदरेझा शादलूसारखा बचावपटू त्यांच्या पाठीशी होता. एक खेळाडू बाद झाला, तरी आक्रमण थांबत नसे. या उदाहरणांवरून असे दिसते, की एकखांबी चढाई विजेतेपद मिळवून देऊ शकते, परंतु तो खांब उभा ठेवण्यासाठी इतरांनी त्याला वेळोवेळी मैदानात परत आणणे आवश्यक असते.

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलशी तुलना

पहिल्या सामन्यानंतर आक्रमणावर तुटून पडणारी चर्चा अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्येही मोठ्या प्रमाणावर होते. तेथे नियमित हंगामात साधारण १२ सामने असतात, त्यामुळे प्रत्येक निकालाला मोठे वजन येते. त्या खेळात आक्रमण व बचाव यांसाठी खेळाडूंच्या स्वतंत्र तुकड्या आणि स्वतंत्र प्रशिक्षक असतात. आक्रमणाचा दोष कोणाकडे, हे निदान वरवर तरी वेगळे करून पाहता येते. कबड्डीत तेच सात खेळाडू क्षणापूर्वी बचाव करतात आणि क्षणानंतर त्यांच्यातील एक चढाईला जातो. त्यामुळे आक्रमणाची अशी स्वतंत्र झडती कबड्डीत घेता येत नाही.

महाविद्यालयीन कबड्डी आणि विदर्भ

विदर्भात संघटित शारीरिक शिक्षणाची आणि देशी खेळांची परंपरा जुनी आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात, कोळसा खाणी आणि चुन्याच्या भट्ट्यांच्या परिसरात वसलेल्या राजूरसारख्या गावांतील विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर याच व्यवस्थेतून आंतरमहाविद्यालयीन आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत जाऊ शकतात.

या पातळीवर पहिल्या सामन्याचे महत्त्व व्यावसायिक लीगपेक्षा वेगळे असते. लीगमध्ये हरलेल्या संघाला सुधारणेसाठी पुढील सामने मिळतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिला पराभव हाच शेवटचा सामना ठरतो. मातीवर सराव केलेल्या खेळाडूला मॅटवर पायाची पकड, वळण्याचा वेग आणि पडतानाचा तोल यांची नव्याने सवय करावी लागते. त्याचा परिणाम सर्वप्रथम चढाईवर दिसू शकतो. अशा वेळी तीन-चार वेळा पकडला गेलेला खेळाडू ‘चढाईला कच्चा’ ठरवला जातो आणि त्यामागची कारणे मागे पडतात.

अशा शेऱ्याचे परिणाम मैदानापुरते मर्यादित राहत नाहीत. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूला ‘कलर होल्डर’ म्हणून मान मिळतो आणि वरच्या स्पर्धांचा मार्ग मोकळा होतो. महाराष्ट्रात विहित स्तरावर प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ग्रामीण आणि औद्योगिक वस्त्यांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने खेळातील निवडीला म्हणूनच उपजीविकेचाही अर्थ असतो. चढाईपटू किती वेळ मैदानात होता, त्याच्या वाट्याला किती वेळा तिसरी चढाई आली, त्याने मिळवलेल्या गुणांनी किती सहकारी परत आले आणि त्याच्या मागे बचावफळीने किती पकडी केल्या, या नोंदी साध्या वहीतही ठेवता येतात. त्या गुणपत्रकाबरोबर वाचल्या, तर पराभवानंतरच्या चर्चेत चढाईपटूच्या चुका आणि संघाच्या उणिवा वेगळ्या करता येतात.